खोलीची पाटी लावली, की जात विचारता येणार नाही!

विंचूर म्हटले की कांद्याचा बाजार आठवतो. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर येथे वाईन पार्क आला. आता नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांतून होम-स्टे निघाले आहेत. 2026-27 च्या सिंहस्थामुळे घराघरांतल्या खोल्या दिवसाच्या भाड्याने जातील. नोंदणी, कर, अग्निसुरक्षा, पाहुण्यांची पोलिसांना माहिती, हे नियम मालकांनी पाळलेच पाहिजेत. पण पाहुण्याचे आडनाव ऐकून ‘खोली आताच भरली’ म्हणणाऱ्या मालकाचे काय?

हे दुखणे जुने आहे. 1917 साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून, भाडे भरून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि त्यांना जागा सोडावी लागली. परदेशातल्या विद्यापीठाची पदवी जातीपुढे कामाला आली नाही.

मालक म्हणतात, ‘घर आमचे, कोणाला ठेवायचे ते आम्ही ठरवू.’ आम्ही विचारतो, पाटी लावून, पैसे घेऊन येईल त्याला खोली देता, मग ते खासगी घर कसे? नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 मध्ये ‘हॉटेल’ या शब्दात लॉजिंग हाऊससुद्धा येते. होम-स्टे त्यातच मोडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारल्यास कलम 4 प्रमाणे एक ते सहा महिने कैद आणि दंड. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय कलम 12 नुसार गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. सेवा नाकारल्याबद्दल कलम 6 खाली शिक्षा झाली, तर कलम 8 प्रमाणे धंद्याचा परवानाही रद्द होऊ शकतो.

पण परवानाच नसेल तर रद्द काय करणार? म्हणून नोंदणी हा आपलाही प्रश्न आहे. बिननोंदणीच्या खोलीत पाहुण्याच्या हक्काचीही नोंद नसते. ‘जातीवरून कोणालाही नाकारणार नाही’ हे हमीपत्र नोंदणीच्या अर्जातच घ्यावे, अशी मागणी विंचूरसह प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत झाली पाहिजे.

समाजबांधवांनो, दरवर्षी 13 ऑक्टोबरला विंचूरवरून आपली माणसे येवल्याच्या मुक्तिभूमीकडे जातात. त्यांनाही रात्रीचा मुक्काम लागतो. खोली नाकारली तर गप्प परतू नका. बुकिंगचा संदेश जपून ठेवा, साक्षीदाराचे नाव लिहून घ्या, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. बाबासाहेबांना नाव लपवावे लागले. आपण आपले खरे नाव सांगूनच आत जायचे.

जय भीम!