क्रॅनबेरीच्या रसाचा ताळेबंद

घरातील एखाद्या भगिनीला मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा त्रास वारंवार होऊ लागला की नात्यागोत्यातून सल्ल्यांचा ओघ सुरू होतो. अलीकडे त्यात क्रॅनबेरीच्या रसाची भर पडली आहे. कोणी मॉलमधून महागडी लाल बाटली आणतो, तर कोणी परदेशातून गोळ्यांची डबी पाठवतो. या भरवशावर डॉक्टरांकडे जाणे मात्र लांबणीवर पडते. म्हणून या रसाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहणे हितावह ठरेल.

क्रॅनबेरी हे मूळचे उत्तर अमेरिकेतील आंबट फळ. त्याच्या रसाने लघवी आम्लधर्मी होते व जंतू मरतात, असा पूर्वी समज होता. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निराळे कारण पुढे आणले. हा रस ई. कोलाय या जंतूंना पेशींवर चिकटू देत नाही, असे प्रयोगशाळेत आढळले. चिकटू न शकलेले जंतू लघवीवाटे वाहून जावेत, ही त्यामागची कल्पना. परंतु काचेच्या नळीत जे घडते, ते शरीरात घडेलच असे नाही.

१९९४ मध्ये अमेरिकेतील १५३ वृद्ध महिलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिने रोज ३०० मिलिलीटर पेय घेणाऱ्या गटाच्या लघवीच्या १५ टक्के नमुन्यांत जंतू व पू आढळले. तशाच चवीचे रसविरहित पेय घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. या चाचणीस क्रॅनबेरी उत्पादकांचे अर्थसाहाय्य होते, हीदेखील नोंद घ्यावयास हवी. पुढे २०११ मध्ये ३१९ महाविद्यालयीन तरुणींवरील चाचणीत रसाचा लाभ दिसला नाही. २०१६ मध्ये शुश्रूषागृहांतील १८५ वृद्ध महिलांना वर्षभर क्रॅनबेरीच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. दोन्ही गटांतील प्रमाण सुमारे २९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले.

जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना नोंदी असल्या की एकेक पावती पाहून निष्कर्ष काढता येत नाही. एकूण शिल्लक पाहावी लागते. ते काम कॉक्रेन या संस्थेने केले. तिच्या २०१२ च्या आढाव्यात लाभ नगण्य ठरला होता. २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या व सुमारे ८,९०० व्यक्ती समाविष्ट झाल्या, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. वारंवार संसर्ग होणाऱ्या महिलांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी, तर मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी कमी आढळला. शुश्रूषागृहांतील वृद्ध, गर्भवती महिला आणि मूत्राशय पूर्ण रिकामे न होणारे रुग्ण यांना मात्र लाभ दिसला नाही.

ध्यानात ठेवावयाचे ते हे की, हा सारा लाभ प्रतिबंधाचा आहे. जडलेला संसर्ग रसाने बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. जळजळीसोबत ताप, हुडहुडी किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणे सुरू झाल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तेव्हा एक दिवसही दवडू नये.

बाजारातील पुष्कळ पेयांत साखर भरपूर असते. मधुमेहींनी वेष्टनावरील आकडे वाचावेत. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांनी व मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राणिजन्य जिलेटिनचे असते, हेही आपल्या वाचकांनी तपासून घ्यावे. करवंदाला काही ठिकाणी ‘भारतीय क्रॅनबेरी’ म्हणतात. पण ते सर्वस्वी निराळ्या कुळातील फळ आहे. या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत.

एक स्वस्त उपाय मात्र दुर्लक्षित राहतो. कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० महिलांवरील चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ज्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायले, त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. चौविहार पाळणाऱ्या भगिनींनी म्हणूनच सूर्यास्तापूर्वी दिवसभरात पुरेसे पाणी घेण्याची दक्षता ठेवावी. ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रसाची बाटली घरात असण्यास हरकत नाही; तिच्यामुळे उपचारास उशीर होऊ नये, एवढेच.