विश्लेषण : पहिली ‘थार’ पंधरा वर्षांची झाली… ऑफ-रोडसाठी केलेले बदल आरटीओत चालतील का?

पावसाळा आला की सह्याद्रीतल्या दगडी वाटांवर जुन्या ‘थार’ आणि ‘जिप्सी’ दिसू लागतात. उंच केलेली गाडी, जाडजूड टायर, पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची पट्टी. हीच गाडी सोमवारी ऑफिसलाही जाते. मात्र पहिल्या पिढीच्या थारची नोंदणी आता नूतनीकरणाला येऊ लागली आहे आणि हौसेने केलेल्या बदलांकडे प्रथमच तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहण्याची वेळ आली आहे. कायदा नेमके काय सांगतो? दगडी वाटेवर कोणता बदल खरोखर उपयोगी पडतो? आणि रोजच्या वापरात त्याची काय किंमत मोजावी लागते?

हा प्रश्न आताच का?

महिंद्राने पहिली थार ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आणली. दुसऱ्या पिढीची थार २०२० मध्ये येईपर्यंत हेच मॉडेल विकले जात होते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. म्हणजे पहिल्या खरेदीदारांच्या गाड्यांची मुदत ऑक्टोबर २०२५ पासून संपू लागली आणि पुढची काही वर्षे ही रांग सुरूच राहील.

नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते, पण त्यासाठी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलून २० वर्षांपेक्षा जुन्या हलक्या वाहनांसाठी ते १० हजार रुपये केले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पण बदल केलेल्या गाडीच्या मालकाची खरी चिंता शुल्काची नसते. समोर उभी असलेली गाडी आणि आरसीवरची गाडी एकच आहे का, ही असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादक कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठीचे मान्यताप्राप्त किट, अपंग व्यक्तींसाठी केलेले बदल किंवा त्याच बनावटीचे दुसरे इंजिन बसवणे याला ठरावीक अटींवर मुभा आहे. 

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. गाडीच्या रचनेत बदल करण्यास मुभा देणारा केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला. कंपनीने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडण्या करणे हा वेगळा भाग, असा या निकालाचा आशय आहे.

त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही वाढवली. कलम १८२-अ नुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चार बदल म्हणजे चार दंड.

नेमके काय अडते?

काही गोष्टींबाबत संदिग्धता नाही. गाडीच्या पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. पादचाऱ्याला धडक बसली तर हे लोखंड जीवघेणे ठरते, हे त्यामागचे मुख्य कारण. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. वेगळ्या बनावटीचे इंजिन, कापलेली किंवा बदललेली बॉडी, वाढवलेली आसने, काढून टाकलेला सायलेन्सर हेही अडणारच.

करड्या भागात येतात ते टायर आणि सस्पेन्शन. मूळ मापापेक्षा थोडा मोठा टायर एखाद्या तपासणीत खटकणार नाही, दुसऱ्या तपासणीत खटकेल. ‘आमच्या मित्राची गाडी पास झाली’ हा कायदेशीर आधार होत नाही. म्हणूनच मूळ टायर, बंपर आणि स्प्रिंग विकून न टाकता सांभाळून ठेवणे, हा जुन्या मालकांनी अनुभवाने शिकलेला शहाणपणा आहे. ज्याचे मूळ भाग घरात आहेत, त्याला तपासणीआधी गाडी पूर्ववत करता येते. ज्याने चेसिसवर कापाकापी आणि वेल्डिंग केले, त्याला परतीचा रस्ता उरत नाही.

दगडी वाटेवर गाडी अडते कशामुळे?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दगडावर गाडी अडते ती बहुतेक वेळा उंची कमी म्हणून नाही, तर चाकाची पकड सुटते म्हणून.

जुन्या थारच्या सीआरडीई फोर बाय फोर प्रकारात २.५ लिटरचे डिझेल इंजिन असून ते १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देते. ट्रान्स्फर केसमधला लो गिअर हा जोर सुमारे अडीच पट करतो. म्हणजे ताकदीची कमतरता नाही. अडचण डिफरन्शियलची आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेले की ते चाक नुसतेच फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाके, उदाहरणार्थ पुढचे डावे आणि मागचे उजवे, एकाच वेळी सुटली तर फोर बाय फोर गाडीही जागेवरच उभी राहते. कंपनीने २०१५ च्या सुधारित थारमध्ये मागच्या अॅक्सलला लॉकिंग डिफरन्शियलचा पर्याय दिला, तो यासाठीच.

दुसरा मुद्दा रचनेचा. या थारला मागे अखंड अॅक्सल आणि पाटे आहेत. पुढे मात्र दोन्ही चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आहेत. मागच्या अॅक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा हा तिथला सर्वांत खालचा भाग. पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा जास्त बाकाचे पाटे बसवून गाडी उंच केली तर बॉडी आणि चेसिस वर जातात. गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर.

मोठ्या टायरचे गणित काय?

या थारचा मूळ टायर २३५/७० आर १६. त्याचा व्यास सुमारे ७३५ मिमी. अनेक जण त्याऐवजी २४५/७५ आर १६ बसवतात. त्याचा व्यास सुमारे ७७४ मिमी. फरक ३९ मिमीचा दिसतो, पण गोळा वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे १९ मिमी. बोटाच्या रुंदीइतका.

या १९ मिमीची किंमत अशी. टायर पाच टक्क्यांनी मोठा झाल्याने प्रत्येक गिअर तेवढाच ‘लांब’ होतो आणि चाकाशी मिळणारा जोर पाच टक्क्यांनी घटतो. स्पीडोमीटरवर ८० दिसते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने धावत असते. २६५/७५ आर १६ इतका मोठा टायर घातला तर हा फरक नऊ टक्क्यांवर जातो आणि ८० दिसताना वेग ८७ असतो. स्पीड कॅमेरा पावती फाडताना टायरचे माप विचारत नाही. शिवाय मोठे, जड चाक थांबवण्याचे काम त्याच जुन्या ब्रेकना करावे लागते. शेवटच्या काळातल्या गाड्या सोडल्या, तर या थारमध्ये एबीएस नाही.

उंची वाढवली तर?

पुढचे टॉर्शन बार आवळले की तासाभरात गाडीचे नाक वर येते. स्वस्त आणि झटपट म्हणून हा बदल लोकप्रिय आहे. पण त्यामुळे स्प्रिंगची ताकद वाढत नाही. चाकाच्या खाली जाण्याच्या वाटेतला काही भाग आधीच खर्ची पडतो. खड्ड्यात चाक खाली जायला हवे तिथे ते हवेत लटकते. म्हणजे दगडी वाटेसाठी केलेला बदल नेमका तिथेच नडतो. शिवाय सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो आणि जॉइंट वाजू लागतो. अलाइनमेंट बिघडून टायर एका बाजूने झिजतात ते वेगळेच.

कलंडण्याचा धोका हा त्याहून गंभीर विषय. उदाहरणादाखल, दोन चाकांमधले अंतर १,४५० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर धरला, तर स्थिर गाडी साधारण ४६ अंश कलल्यावर उलटते. गुरुत्वमध्य ७५ मिमी वर गेला की हा कोन ४३ अंशांवर येतो. कागदावर तीन अंश थोडेच वाटतात. पण घाटातल्या वळणावर, टपावर कॅरिअर आणि जादा चाक बांधलेले असताना, समोरून आलेल्या दुचाकीला चुकवण्यासाठी स्टिअरिंग झटक्यात वळवले तर हेच तीन अंश निर्णायक ठरू शकतात. त्यात या गाडीत एअरबॅगही नाहीत.

आणखी एक विसंगती. कंपनीच्या माहितीनुसार या थारचा पुढचा चढाईचा कोन ४४ अंश आहे आणि मागचा २७ अंश. म्हणजे पुढची बाजू मुळातच चांगली आहे. घासते ती मागची. तरीही सर्वाधिक खर्च पुढच्या अवजड बंपरवर होतो, जो हा चांगला कोन कमी करतो आणि पुढच्या टॉर्शन बारवर वजनही वाढवतो.

विम्याचे काय?

बदल विमा कंपनीला कळवले नसतील आणि अपघाताचा संबंध त्या बदलाशी जोडता आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीला सहज झटकता येत नाही. पण पॉलिसीच्या अटी मोडल्याचे सिद्ध झाले तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. अशा प्रकरणात रक्कम लाखांत असते. जादा दिवे, विंच यांसारख्या वस्तू हप्ता भरून पॉलिसीत दाखवता येतात. पण विम्यात नोंद झाली म्हणून आरटीओच्या लेखी तो बदल वैध होत नाही.

मग पैसे आधी कुठे खर्च करावेत?

दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचा क्रम दुकानातल्या क्रमाच्या नेमका उलटा असायला हवा. आधी दुरुस्ती, मग पकड, मग संरक्षण आणि उंची सर्वांत शेवटी.

पहिला खर्च चेसिसच्या तपासणीचा. कोकणात वापरलेल्या गाडीला खालून गंज असतो, दगडात वापरलेल्या गाडीच्या चेसिसला पाट्यांच्या शॅकलपाशी तडे असू शकतात. त्यानंतर ब्रेकचे रबरी होज, पाट्यांचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, व्हील बेअरिंग आणि शॉकअब. हे सगळे मूळ दर्जाचे बसवले तरी गाडीचे वागणे बदलते, आणि यात बेकायदा काहीच नाही.

दुसरा खर्च टायरचा, पण मूळ मापातलाच ऑल-टेरेन टायर. मड-टेरेन टायर चिखलात उत्तम. ओल्या डांबरी रस्त्यावर मात्र त्याची पकड कमी पडते आणि रोज महामार्गावर त्याचा आवाज डोके उठवतो. आठवड्यातले सहा दिवस शहरात जाणाऱ्या गाडीला तो परवडत नाही. दगडी वाटेवर टायरमधला दाब ३० पीएसआयच्या आसपासवरून २० च्या आसपास आणला की टायर दगडाला लपेटून धरतो. जे काम लाखभराच्या लिफ्ट किटने होत नाही, ते बऱ्याचदा यातून फुकट होते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरणे मात्र सक्तीचे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

तिसरा खर्च संरक्षणाचा. इंजिनच्या चेंबरखाली आणि ट्रान्स्फर केसखाली जाड पत्रा. अडकलेली गाडी ओढण्यासाठी चेसिसला बोल्टने पक्के केलेले हुक आणि योग्य क्षमतेचा पट्टा. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोर बांधून झटका दिला तर तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. अशा वेळी बघ्यांनी दूर उभे राहणे हाच सर्वांत स्वस्त सुरक्षा उपाय. यानंतरही गरज वाटली, तर कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला लॉकिंग डिफरन्शियलचा पर्याय आधी पाहावा.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांचे काय?

गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांत पूर्ण बदललेल्या गाड्या दिसतात आणि त्यांचे व्हिडीओ पाहून अनेकांना हुरूप येतो. पण ती स्पर्धेची गाडी असते. बंदिस्त किंवा खासगी जागेत चालवायची, तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायची गाडी आणि मुलाला शाळेत सोडायची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. एकाच आरसीवर दोन्ही बसत नाहीत.

वाट कोणती निवडतो हेही तितकेच महत्त्वाचे. अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. सड्यांवरच्या पातळ मातीच्या थरात उमटलेली चाकोरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि गावच्या ओढ्यात घातलेली गाडी खालच्या वस्तीचे पाणी गढूळ करते.

नूतनीकरण जवळ आलेल्या मालकांनी काय करावे?

मुदत संपण्याआधीचे ६० दिवस हा अर्ज करण्याचा काळ. त्याआधी आरसी हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी. रंग, आसने, बॉडी, इंजिन आणि चेसिस क्रमांक कागदाशी जुळतात का, बुलबार आणि टपावरचे दिवे निघाले का, टायर मूळ मापाचे आहेत का, पीयूसी आणि विमा चालू आहे का, हे पाहावे. चेसिस क्रमांकावर गंज किंवा रंग चढला असेल तर खरवडून न काढता हलक्या हाताने साफ करावा. क्रमांकच वाचता आला नाही तर पुढची सगळी प्रक्रिया अडते. शंका असलेल्या बदलाबाबत आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्यांनी तर हीच फेरी सौदा ठरण्याआधी मारायला हवी. बदल आधीच्या मालकाने केले असले तरी तपासणीला उभी राहते ती आताच्या मालकाची गाडी.