गडाची वाट गावाने राखावी

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, राजगड, लोहगडासह ११ आपल्या महाराष्ट्रातले. गडांचा मान वाढला. पण वाटांचं काय?

सुटीच्या दिवशी शहरातली तरुण मंडळी घमेली-फावडी घेऊन गडवाटा दुरुस्त करायला येतात, हे कौतुकाचंच. मात्र शेतकरी बंधूंनो, वाट का बिघडते हे तुम्हाला जास्त ठाऊक आहे. पायांखाली गवत मरतं, माती उघडी पडते आणि उताराला सरळ गेलेल्या वाटेची पावसात घळ होते. मग माणसं कडेने चालतात, वाट रुंदावते अन् माती वाहून खालच्या खाचरात येते.

उपाय बांधबंदिस्तीचाच आहे. वाटेत जागोजागी दगडांची तिरकी ओळ पुरून पाणी बाजूच्या गवतात काढावे. आडवाटा काट्यांनी बंद कराव्यात. काम मे महिन्यात उरकून भर पावसात एकदा पाहणी करावी. एका दिवसाच्या श्रमदानात नेमकी हीच पाहणी राहून जाते.

तेव्हा ग्रामपंचायतींनी पुढे व्हावे. आधी वन व पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. जुन्या पायऱ्यांचा, तटाचा दगड हलवू नये. पाहुणे हात लावतील, पण पाणी कुठं फुटलं हे गावालाच आधी दिसणार.