कॅमेरा दारावर जावा

२०१८ साली १ जुलैला, रविवारच्या भर आठवडे बाजारात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला जमावाने पाच माणसे ठार मारली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही मोबाईलवरून पसरलेली अफवा त्यांच्या जिवावर बेतली. ते बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक. पिंपळनेरला त्यांची पाले होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच मारले.

मारहाणीच्या चित्रफिती लगोलग फोनाफोनांवर पोहोचल्या. जळगाव-धुळ्यातल्या आपल्यापैकी अनेकांनी त्या पाच जणांना पहिल्यांदा पाहिले ते मार खाताना, आणि शेवटचेही तेव्हाच. त्यांची आई, बायको, लेकरे आपल्याला दिसली ती बातमीपुरती.

अमेरिकेच्या यान्स फोर्ड यांचा ‘स्ट्राँग आयलंड’ हा २०१७चा माहितीपट इथे आठवतो. दिग्दर्शक म्हणून त्यांचा तो पहिलाच मोठा चित्रपट. त्यांचा थोरला भाऊ विल्यम, वय २४, पेशाने शिक्षक. १९९२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका गॅरेजात झालेल्या वादात गोऱ्या तरुणाने त्याला गोळी घातली. ग्रँड ज्युरीने खटलाच उभा राहू दिला नाही. ही फिल्म करायला फोर्ड यांना सुमारे दहा वर्षे लागली. पांढऱ्या टेबलावर दोन हात घरातले जुने फोटो एकेक करून मांडतात आणि नीट सरळ करतात. स्वयंपाकघरात बसून आई मुलाबद्दल बोलते आणि कॅमेरा तिची वाट पाहत थांबतो. खून कुठेही रंगवून दाखवलेला नाही. ऑस्करच्या नामांकनापेक्षा हा संयम आम्हाला मोठा वाटतो.

कुणी गेले की खान्देशात आपण दारावर जातो. फार बोलत नाही, नुसते बसून राहतो. राईनपाड्यात मारल्या गेलेल्या त्या पाच जणांच्या दारावर आपल्यातले किती गेले? जमावाने केलेल्या खुनाची वेगळी तरतूद असलेली भारतीय न्याय संहिता योगायोगाने २०२४ च्या १ जुलैलाच लागू झाली. कायदा हवाच होता. पण त्या पाच जणांपैकी कुणाला काय आवडायचे, पालातल्या पोरांना तो काय सांगायचा, हे कुठल्याही आरोपपत्रात येत नाही.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत आज हातात कॅमेरा घेऊन विषय शोधणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी मंगळवेढ्याला जावे. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून बसावे. घरच्यांनी नको म्हटले तर परत यावे. घरचे बोलले, तर वेळ लागेल तेवढा द्यावा. मग राईनपाड्यालाही जावे, कारण मारणारेही कुणाचे तरी मुलगे होते आणि त्या गावालाही त्या दिवसाबद्दल बोलावे लागेल. असे काम करणाऱ्याला पैसा, प्रवासखर्च आणि तयार झालेली फिल्म दाखवायला जागा देणे हे इथल्या संस्थांचे आणि आम्हा वर्तमानपत्रांचे काम आहे. आमची अट एकच: मोबाईलवर फिरलेल्या त्या मारहाणीतला एक सेकंदही त्या फिल्ममध्ये नको.