चढता क्रम, उतरती कळा

केरीच्या धक्क्यावर तेरेखोलच्या फेरीबोटीची वाट पाहत आईबापांसमवेत उभ्या असलेल्या एखाद्या पाच वर्षांच्या मुलाला सहज विचारून पाहावे, ‘बाळ, तुला अंक येतात का?’ बहुधा ते एका दमात पन्नासापर्यंत, कदाचित शंभरापर्यंतही अंक म्हणून दाखवील आणि आईबापांच्या मुद्रेवर कृतार्थता पसरेल. त्याच मुलाला मग दुसरा प्रश्न करावा, ‘सहा जास्त की नऊ?’ पुष्कळदा येथे गाडे अडते. मूल आईच्या तोंडाकडे पाहते, ओशाळते, किंवा पुन्हा एकापासून म्हणावयास लागते. ज्याला शंभरापर्यंत अंक ‘येतात’ त्याला सहा आणि नऊ यांतील अधिक कोणता हे सांगता येऊ नये, हा त्या मुलाचा दोष नव्हे. आपण त्याला संख्या शिकविलीच नाही. संख्यांची आरती तेवढी पाठ करून घेतली.

हा प्रश्न एका धक्क्यावरचा किंवा एका तालुक्यातला असता, तर अग्रलेखाचा विषय झाला नसता. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातील सुमारे ७४ हजार शाळांतून तिसरी, सहावी आणि नववीच्या मिळून २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची ‘परख’ ही राष्ट्रीय चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०२५ च्या जुलैत प्रसिद्ध झाले. तिसरीच्या शंभर मुलांपैकी अवघी पंचावन्न मुले ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावू शकली. उरलेल्या पंचेचाळीस मुलांनी तीन वर्षे शाळेत जाऊन काय केले, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाची झोप उडविणारा आहे. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाचा सूरही याहून वेगळा नाही. तिसरीतील तिघांपैकी जेमतेम एकाला वजाबाकी करता आली, असे तो सांगतो. ज्याला दोन संख्यांत थोरली कोणती हे उमगले नाही, तो थोरलीतून धाकटी वजा करणार तरी कशी? पायाच नाही आणि आपण कळसाचे माप घेत बसलो आहोत.

या पायाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. निसर्गाने माणसाला संख्येचे भांडवल दिले आहे, परंतु ते फार तुटपुंजे आहे. जेव्हन्स नावाच्या एका इंग्रज पंडिताने १८७१ साली एक साधा प्रयोग केला. मूठभर काळे घेवडे तो फेकी आणि पेटीत किती पडले ते न मोजता एका दृष्टिक्षेपात सांगे. तीन-चार दाणे असत तोवर त्याची एकदाही चूक झाली नाही. पाचापासून चुका होऊ लागल्या आणि संख्या वाढली तशा त्याही वाढत गेल्या. मोठ्या पंडिताच्या नजरेची धाव जर चारापाशी थांबते, तर बालकाची ती कोठवर जाणार? चारापलीकडचे सारे गणित हे शिकविण्याने, हाताळण्याने आणि मोजण्यानेच यावयाचे असते.

त्यात मुलाची दृष्टी त्याला फसविते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी दाखवून दिले, की समोरासमोर मांडलेल्या सारख्याच संख्येच्या दोन ओळींतील एक ओळ मुलाच्या देखत लांबविली, तर चार-पाच वर्षांचे मूल ‘ही जास्त झाली’ असे खुशाल सांगते. आपल्या घरात याची प्रचीती घेण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एका बाजूस पाच चिंचोके ठेवावे, दुसऱ्या बाजूस तीन नारळ ठेवावे आणि जास्त कोठे आहेत ते विचारावे. पुष्कळ मुले नारळांकडे बोट दाखवितील. आकार वेगळा आणि संख्या वेगळी, ही जाण उपजत नसते. एका नारळासमोर एक चिंचोका, दुसऱ्यासमोर दुसरा, तिसऱ्यासमोर तिसरा अशी जोडी लावून दोन चिंचोके एकटे उरले, की मुलाच्या डोळ्यांत जो प्रकाश पडतो, तो दहा पाने अंक गिरवूनही पडत नाही. ‘जास्त’ म्हणजे जोड्या लावल्यावर जे उरते ते, हा गणितातील पहिला सिद्धान्त आहे आणि त्यासाठी अंकांची नावेदेखील लागत नाहीत. पंगतीत पाने मांडणाऱ्या, प्रत्येक पानावर एकेक लाडू वाढणाऱ्या मुलाला तो आपोआप कळतो.

दोन संख्यांची तुलना साधली म्हणजे क्रम साधला, असेही नव्हे. चार, सात आणि नऊ हे क्रमाने लावावयाचे, तर सात हा चारांहून मोठा आणि त्याच क्षणी नवांहून लहान आहे, हे मनात धरावे लागते. एकाच वस्तूची ही दोन नाती बालबुद्धीला सहजासहजी पेलत नाहीत. परंतु आमच्या घरांत तीन भावंडे असली की मधला हा थोरल्याचा धाकटा आणि धाकट्याचा थोरला असतोच. ही नाती मुलाच्या जिभेवर आहेत. ती संख्येवर आणून बसविणे हेच शिक्षकाचे कसब. एक मणी, दोन मणी, तीन मणी अशा दहापर्यंतच्या माळा उतरंडीसारख्या टांगून ठेवाव्या, त्यांतील एक काढून घ्यावी आणि ‘हिची जागा कोठली?’ असे विचारावे. चढत्या क्रमाचा याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

आता भाषेकडे वळू. पेडणे-डिचोलीच्या मुलाच्या कानावर संख्या तीन वाटांनी येते. घरात तो ‘चड’ आणि ‘उणें’ ऐकतो, अकराला ‘इकरा’ म्हणतो. मराठी शाळेत ‘जास्त’ आणि ‘कमी’ शिकतो. आणि हल्ली तर तीन वर्षांचा होताच इंग्रजी बालवर्गात त्याला ‘ग्रेटर’ आणि ‘लेस’ घोकावे लागते, मोठ्या संख्येकडे तोंड वासणाऱ्या मगरीचे चित्र रंगवावे लागते. मगर रंगते, मोठी संख्या कोणती हे कळत नाहीच. मुलाला अनेक भाषा येतात ही संपत्ती आहे, यात शंका नाही. परंतु कल्पना रुजण्याआधीच तिच्यावर परकी चिन्हे लादली, तर पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचाच तो प्रकार ठरतो. ‘चड’ म्हणजे काय हे चिंचोक्यांवर ज्याला कळले, त्याला ‘जास्त’ आणि ‘ग्रेटर’ ही त्याच वस्तूची निराळी नावे म्हणून शिकावयास फार वेळ लागत नाही. उलट क्रमाने मात्र ही वाट चढता येत नाही.

मराठी संख्यानामांना अवघड म्हणून नाके मुरडण्याची पद्धत पडली आहे. २०१९ साली महाराष्ट्रात ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीस ‘पन्नास तीन’ असे वाचन सुचविले गेले, तेव्हा केवढा गदारोळ उठला हे वाचकांना आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख, विदुषी मंगला नारळीकर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. वास्तविक त्यांनी दाखविलेली अडचण खोटी नव्हती. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि २७ लिहिताना दोन आधी लिहितो. त्यामुळे २७ आणि ७२ यांत मुलाची गल्लत होते. एकोणचाळीस आणि एकेचाळीस या दोहोंतही त्याला ‘चाळीस’ ऐकू येतात. पैकी एक संख्या चाळिसाच्या अलीकडची आणि दुसरी पलीकडची, हे त्याला सांगणार कोण? पण या अडचणीतच एक ठेवा दडलेला आहे. ‘एकोणीस’ म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक उणा. आमच्या कोकणी घरातला ‘उणें’ आणि मराठी शाळेतला ‘एकोणीस’ हे एकाच कुळीचे शब्द. संख्येच्या नावातच तुलना बांधून ठेवणारी ही भाषा आहे. शिक्षकाने विसांच्या जुडीतून एक काडी काढून ‘आता एकाने उणे’ एवढे दाखविले, की नाव पाठ करावे लागत नाही, ते समजते. नाव बदलावे की ठेवावे या वादात दोन्ही पक्षांनी गळे सुकविले. मुलाच्या हातात काड्यांची जुडी द्यावयाचे मात्र राहून गेले.

यासाठी फार पैसा लागतो असे म्हणणे ही सबब आहे. अमेरिकेत सीग्लर आणि रमाणी या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. गरीब घरांतील बालवाडीच्या मुलांना त्यांनी एका ओळीत एकपासून दहापर्यंत घरे आखलेल्या पटावर सोंगटी पुढे सरकविण्याचा खेळ दिला. पंधरा मिनिटांचा एक, असे चारच डाव दोन आठवड्यांत झाले. मुले संख्यांची तुलना अधिक अचूक करू लागली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. ज्या मुलांच्या पटावर अंकांऐवजी नुसते रंग होते, त्यांच्यात असा फरक पडला नाही. अंगणात खडूने दहा घरे आखावयास कोणते अनुदान लागते? चतुर्थीला देवापुढे वाहावयाच्या एकवीस दूर्वा निवडताना, दिवाळीच्या पणत्या ओळीने मांडताना, बेलाची तीन पाने आणि चाफ्याच्या पाच पाकळ्या मोजताना आपण मुलांना ‘मध्ये लुडबूड करू नको’ म्हणून दूर सारतो आणि तीच मुले संध्याकाळी शिकवणीला पाठवितो!

येथे एक गैरसमज होऊ नये. पाठांतराचे आम्ही वैरी नाही. उजळणी आणि पाढे यांनी मागल्या पिढ्यांची बुद्धी घासूनपुसून लख्ख केली आहे आणि पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या किराणा दुकानदाराला हिशेबात फसविणे आजही सोपे नाही. पण त्या दुकानदाराच्या हातात रोज तराजू होता, हे विसरून चालणार नाही. त्याचे पाठांतर वस्तूंवर पोसलेले होते. पाठांतर हे कुंपण आहे. आत रोपच नसेल तर कुंपणाने राखावयाचे काय? महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, शिंपले हीच साधने केली आणि बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेऊन पोहोचविले. १९७५ च्या गांधी जयंतीला देशात ज्या अंगणवाड्या सुरू झाल्या, त्यांमागे अशाच प्रयत्नांची पुण्याई आहे. आज त्याच अंगणवाडीकडे पालक खिचडीचे ठिकाण म्हणून पाहतात आणि सरकार नोंदवह्यांचे कोठार म्हणून.

सरकारजवळ धोरण नाही असे नव्हे. २०२१ च्या जुलैत केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठरविले. तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानणारे नवे धोरण गोव्यातही २०२३-२४ पासून लागू होऊ लागले. कागदावर सारे सुंदर आहे. परंतु एकीकडे पायाभूत टप्प्याचा जयघोष करावयाचा आणि दुसरीकडे पटसंख्या घटली म्हणून खेड्यातील सरकारी प्राथमिक शाळा एकमेकींत विलीन करण्याची भाषा बोलावयाची, ही विसंगती आम्हांस कळत नाही. दहा-बारा मुलांची शाळा ही हिशेबनिसाच्या दृष्टीने तोट्याची असेल. लहान संख्यांचा अर्थ शिकविण्याच्या दृष्टीने तिच्यासारखी शाळा नाही. तेथे प्रत्येक मुलाच्या हातात बिया देता येतात, प्रत्येकाची चूक पाहता येते. पन्नास मुलांच्या वर्गात फक्त आरती म्हणता येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असावी, हे शिक्षणहक्क कायद्याचे तत्त्वही येथे आठवावे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. तेरेखोल नदीकाठच्या, किंबहुना सर्व सीमेवरच्या खेड्यांतील लहान शाळा पटसंख्येच्या एकाच फूटपट्टीने मोजू नयेत. सहा वर्षांखालील मुलांची लेखी परीक्षा आणि अंक गिरविण्याचा गृहपाठ खासगी बालवर्गांतूनही बंद व्हावा. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावरील नोंदींचा भार उतरवून तिला मुलांसमवेत जमिनीवर बसण्यास सवड द्यावी. आणि पालकांनी ‘तुला कितीपर्यंत येतात?’ हा प्रश्न सोडून ‘यांत जास्त कोठले, आणि कशावरून?’ असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. यांतील अखेरची मागणी मान्य करावयास मंत्रिमंडळाच्या बैठकीची जरुरी नाही.

फेरीतून पलीकडे उतरून वर गेले, की तेरेखोलचा किल्ला लागतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या सत्तेच्या नाकावर टिच्चून तेथे तिरंगा फडकविला. पुढल्याच वर्षीच्या सत्याग्रहात तेथे जे हुतात्मे झाले, त्यांत हिरवे गुरुजी होते. सत्याग्रही संख्येने किती थोडे आणि समोरची सत्ता किती मोठी, हे त्या शिक्षकाला मोजता येत नव्हते असे कोण म्हणेल? चड कोण आणि उणें कोण, हे पुरते जाणूनच ते पुढे गेले. नावामागे गुरुजी हा शब्द लावून बलिदान करणाऱ्या माणसाच्या या भूमीत, मुक्तीनंतर सहा दशके उलटल्यावरही, एखाद्या मुलाला सहा जास्त की नऊ हे सांगता येऊ नये, ही लाज त्या मुलाची नाही. ती आपणा सर्वांची आहे.