आमच्या जिल्ह्याचा आहारतज्ज्ञ आमच्याच जिल्ह्यात घडू द्या!



विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्यसेवेशी निगडित अनेक विषयांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातले नवे प्रवेश बंद केले. त्या यादीत अन्न व पोषणशास्त्र आहे आणि आहारशास्त्रही आहे. मोठ्या शहरांत ही बातमी चार ओळींत संपली. वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर इथल्या बी.एस्सी. झालेल्या मुलीसाठी मात्र पदव्युत्तर शिक्षणाची एक वाटच बुजली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आहारशास्त्राची एम.एस्सी. घर न सोडता करता येत होती. ती सोय गेली आणि आपल्या जिल्ह्यात कोणी हूं की चूं केले नाही. ना विधायकांनी, ना खासदारांनी, ना आपल्या मंडळांनी!

आयोगाचा हेतू वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहिल्याशिवाय आहारशास्त्र येत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. केंद्राच्या २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिकाचा दर्जा दिला, तेव्हा शिक्षणही त्या तोलाचे हवे. पण एक दार लावताना दुसरे उघडावे लागते. ते उघडले नाही, तर नियम कितीही चांगला असो, त्याची किंमत शहरातली मुलगी देणार नाही. ती बालाघाटची मुलगी देईल आणि तिच्याहून जास्त बालाघाटचा रुग्ण देईल.

आहारतज्ज्ञ हवाच कशाला?

हा प्रश्न आपल्याच घरांतून येतो. "आमच्या आजीला काय कमी कळत होते?" आजीला पुष्कळ कळत होते. अंबाडीची भाजी, शिंगाडा, तळ्यातली मासळी, चिन्नोरचा भात आणि वरण, हे धडधाकट माणसाचे जेवण आजीकडूनच शिकावे. आजाऱ्याचे पथ्य ही वेगळी विद्या आहे.

अतितीव्र कुपोषित मूल पाहा. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज. आईच्या मायेला वाटते, आता याला भरपूर खाऊ घालावे. इथेच घात होतो! पहिल्या दिवसांत अशा मुलाला पोटभर जड अन्न दिले, तर त्याच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते पेलत नाही, जिवावर बेतू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे आधी एफ-७५ हे हलके दूध दर दोन-तीन तासांनी मोजून देतात, मूल सावरले की मग एफ-१०० सुरू होते. लोहाचे औषधसुद्धा पहिल्या दिवसांत देत नाहीत, वजन वाढू लागल्यावर देतात. हे आजीला कोण सांगणार, आणि अंगणवाडी सेविकेला तरी कोण शिकवणार?

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. आपल्या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. रक्त कमी दिसले की लोहाच्या गोळ्या, असा सरधोपट उपाय इथे चालत नाही. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या शरीरात लोह साचून राहते. पाणी किती प्यावे, फॉलिक आम्ल कसे घ्यावे, गोळी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे शिकलेल्या माणसाने घरी बसून समजावून सांगायला हवे.

आणि आपली स्वतःची घरे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. शंभर वर्षांपासून इथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत दोन्ही वेळा भात आहे, बैठे काम आहे आणि पन्नाशीनंतर साखर आहे. मधुमेहातून मूत्रपिंडाचा विकार झाला, की पथ्य पुन्हा बदलते. कालपर्यंत चांगली असलेली डाळ आणि फळे आता मोजून खावी लागतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त बैहरच्या जंगलातला आहे, असे समजून कोणी पान उलटू नये.

मध्य प्रदेशाचे आकडे तर डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातली पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि १९ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या ७२.७ टक्के मुलांत रक्तक्षय होता, आणि १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत ५४.७ टक्के. एकात्मिक बालविकास योजनेला १९७५ पासून आज पन्नास वर्षे झाली!

शहरातला कागद आणि गावातले ताट

आपल्याकडचा रुग्ण गोंदियाला जातो, नागपूरला जातो. परत येताना औषधांबरोबर छापील आहारतक्ता आणतो. सकाळी ओट्स, दुपारी ब्राउन ब्रेड, संध्याकाळी सफरचंद आणि बदाम. तो तक्ता देवघरात ठेवला काय किंवा चुलीत घातला काय, फळ सारखेच. ज्याच्या घरी सकाळी पेज आणि रात्री भात आहे, त्याला त्याच पेजेत आणि त्याच भातात काय बदलायचे ते सांगावे लागते. भात किती वाटी, वरण किती घट्ट, मोहफुले कशी वापरावीत, लाखोळीची डाळ किती खावी. ती रोज आणि मुख्य अन्न म्हणून दीर्घकाळ खाल्ली तर पाय लुळे पडतात, हे जुन्या लोकांनी पाहिलेले आहे.

कोदो-कुटकीचेच बघा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि आपल्या बैगा-गोंड बांधवांचे धान्य शहरातल्या दुकानांत चकचकीत पिशवीत जाऊन बसले. चांगलेच झाले. पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडमध्ये बुरशी लागलेले कोदो खाऊन दहा हत्ती मेले, हेही विसरू नये. कोदो कधी खावे, कसे साठवावे, कोणते टाकून द्यावे, हे शेतात आणि कोठारात शिकायचे असते. मुंबईच्या रुग्णालयात सहा महिने काढलेल्या आहारतज्ज्ञाला ते कोण शिकवणार?

नागपूर जवळ, पण आपले नाही

"नागपूरला जा ना शिकायला!" असे सहज म्हटले जाते. नागपूरला विद्यापीठाचा गृहविज्ञान विभाग आहे, एल.ए.डी. महाविद्यालय आहे. जबलपूरला मोहनलाल हरगोविंददास गृहविज्ञान महाविद्यालय आहे. संस्था जुन्या आहेत, नावाजलेल्या आहेत, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण खोली, खानावळ, शुल्क आणि वर सहा महिन्यांचे रुग्णालयातले प्रशिक्षण, हा भार मध्यम घरातला बाप एका मुलीसाठी उचलतो तेव्हा दुसरीचे शिक्षण थांबते.

त्यात आपली जुनी जखम आहेच. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर रेघ ओढली गेली आणि आपली मुलगी नागपुरात परराज्यातली ठरली. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला अधिवास लागतो, तो तिच्याकडे नाही. कर्नाटकाशी वाद असलेल्या सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने काही जागा ठेवल्या, ते योग्यच केले. बालाघाटचा मराठी माणूस मात्र कोणत्याच यादीत नाही. इकडे आपण मराठी, तिकडे आपण मध्य प्रदेशी!

आणि जी जाते ती परत येत नाही. तिने परत यावेच का? इथे तिला शिकवणारे नाही, बोलावणारे नाही, पगाराची जागा नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही.

गावातच माणूस घडवता येतो

हे स्वप्नरंजन नव्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथला विद्यार्थी सुरुवातीलाच आश्रमात राहतो, त्याची तुकडी एक गाव दत्तक घेते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगाने वाचले. ही दोन्ही ठिकाणे आपल्या शेजारची आहेत. ऑस्ट्रेलियात तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून विद्यापीठांची ग्रामीण आरोग्य केंद्रेच आहेत. शहरात शिकणारे आहारतज्ज्ञ तिथे येऊन लहान गावांत प्रशिक्षण घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले की ग्रामीण भागात माणसे टिकवायची तर ग्रामीण भागातले विद्यार्थी घ्या, शिक्षण शहराबाहेर न्या, प्रशिक्षणाचा काळ गावात ठेवा. जगाला कळलेले भोपाळला कळू नये?

आमच्या मागण्या

पहिली, बालाघाटचे जिल्हा चिकित्सालय आणि जिल्ह्यातली पोषण पुनर्वसन केंद्रे यांना आहारशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची मान्यता मिळवून द्यावी. सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने बैहर, बिरसा, परसवाडा भागात काढावेत. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून सुरू आहे, आणि रेल्वेने ते शेजारीच आहे. दोन राज्यांनी करार केला तर मोठ्या रुग्णालयातला अनुभवही घराजवळ मिळेल.

दुसरी, जिल्ह्यातल्या एका शासकीय महाविद्यालयात आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका सुरू करावी. आम्ही नवी इमारत मागत नाही. दहा-पंधरा जागा, दोन-तीन शिक्षक आणि एक प्रयोगशाळा, एवढ्यावर सुरुवात होते.

तिसरी, पदे. सार्वजनिक आरोग्याच्या केंद्रीय मानकांत जिल्हा रुग्णालयासाठी आहारतज्ज्ञ धरलेला आहे. जिल्ह्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे आमच्या विधायकांनी विधानसभेत विचारावे आणि उत्तर लोकांसमोर ठेवावे. विद्यार्थिनीला शिकवून नोकरी न देणे म्हणजे पेरून पाणी न देणे.

दोन शब्द आपल्या घरांसाठी

सरकारवर ताशेरे ओढून आपण मोकळे होत नाही. आपल्या कित्येक घरांत गृहविज्ञान हा लग्नाच्या पत्रिकेत लिहायचा विषय समजला जातो. मुलगी शिकते, पदवी फ्रेममध्ये जाते आणि ती सासरी. सून आहारशास्त्र शिकलेली हवी, पण तिने परसवाड्याला बसने जाऊन आदिवासी आईशी बोलावे, हे सासऱ्यांना चालत नाही! २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या, साऱ्या मध्य प्रदेशात सर्वाधिक. ज्या जिल्ह्यात स्त्रिया जास्त, तिथे शिकलेल्या स्त्रीला कामाला जायला रस्ता नसावा, ही शोभेची गोष्ट आहे का?

गणेशोत्सवाच्या मांडवाला आपण हात आखडता घेत नाही. त्याच वर्गणीतून दर वर्षी दोन मुलींचे पदव्युत्तर शिक्षण उचलता येईल. मुलगी मराठी असो, पोवार असो, गोंड असो वा बैगा, तिने तीन वर्षे जिल्ह्यात काम करावे एवढीच अट. ती आपल्या आजोबांची साखर सांभाळील आणि बैहरच्या बाळाचे दूधही मोजील. पिढ्यान् पिढ्या या वैनगंगेचे पाणी आपण पितो, त्याचे काही देणे लागतो की नाही?

या अंकासोबत मागण्यांचे निवेदन जोडले आहे. प्रत्येक घराने सह्या कराव्यात, घरातल्या सुना-मुलींच्या सह्या आधी घ्याव्यात. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो दारात येईल, त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: आमच्या जिल्ह्याचा आहारतज्ज्ञ आमच्या जिल्ह्यात कधी शिकणार? तारीख सांगेल त्याचेच पुढचे ऐकावे.