टाळ्यांनी लेखकाचे घर चालत नाही

वस्तीतला मुलगा पाच वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, तेव्हा सारे घर पोटाला चिमटा काढून त्याला सांभाळते. तोच मुलगा म्हणाला, मला कादंबरी लिहायची आहे, दोन वर्षे द्या. तर त्याला वेड्यात काढतात. आई-बापाची भीती खोटी नाही. नोकरीनेच आपली घरे उभी राहिली. पण लेखन म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग, हे कुणी ठरवले?

अण्णा भाऊ साठेंनी १९५९ साली 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस १९६९ साली हलाखीत गेला. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवून जगले आणि १९७२ साली 'गोलपिठा' दिला. आपण याचे कौतुक करतो. पण पोटामागे धावताना किती पुस्तके लिहायची राहून गेली, याचा हिशेब कोण मांडणार?

जयंतीला मंडपाचे, डीजेचे पैसे आपण आधी देतो. कवीला मात्र शाल, पुष्पगुच्छ आणि 'चळवळीचेच काम आहे' हे वाक्य! श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने लेखकाचे श्रम फुकट का घ्यावेत?

मित्रांनो, नोकरी सांभाळून लिहा किंवा लेखणीवरच जगा. पण मानधन मागायला लाजू नका. मंडळांनी यंदाच्या वर्गणीतून लेखकाच्या मानधनाची तरतूद करावी. आणि वाचकांनो, पीडीएफ मागू नका, पुस्तक विकत घ्या.

जय भीम!